अजिंठा : लेणे क्रमांक २६
इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील बौद्ध चैत्यगृह. मराठवाड्याच्या उत्तर सीमेनजीक, वाघूर नदीच्या वळणावर ते कोरलेले आहे. येथील शिलालेखानुसार अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या गौरवार्थ भिक्षू बुद्धभद्र याने ते करविले. स्तूपाच्या दर्शनी भागी पाय खाली सोडून बसलेली बुद्धमूर्ती आहे. प्रवेश केल्यावर डाव्या पाखेच्या भिंतीवर सु. ७ मी. लांबीची महापरिनिर्वाणमूर्ती व मारविजयाचा शिल्पपट दिसतो. पहुडलेल्या बुद्धाखाली शिष्य शोकमग्न आहेत, तर वर देवगण आनंदाने वाद्ये वाजवीत आहेत. मानवाला जो वियोग वाटतो, तीच देवांना मुक्ती होय, हा आशय शिल्पकाराने एकाच भिंतीवर साकारला आहे. भित्तिचित्रांच्या ख्यातीमुळे ही शिल्पे मात्र अनेकदा घाईने पाहिली जातात.