अमेरिकेत संशोधनाचा प्रस्ताव प्राध्यापकाला स्वतः का पाठवता येत नाही?

५ फेब्रुवारी, ५ जून आणि ५ ऑक्टोबर. अमेरिकेत वैद्यकीय किंवा जीवशास्त्रीय संशोधन करणाऱ्या कुणालाही या तीन तारखा विचारा, तो झोपेतही सांगेल. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, ही तिथे वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणारी सर्वांत मोठी सरकारी संस्था. तिच्या 'आर-झिरो-वन' या सर्वांत प्रतिष्ठेच्या अनुदानासाठी नवे प्रस्ताव देण्याच्या या नेहमीच्या तारखा आहेत.

महाराष्ट्रातून पीएचडीसाठी किंवा पोस्टडॉकसाठी तिकडे गेलेल्या अनेकांपैकी काही जण पुढे तिथेच साहाय्यक प्राध्यापक होतात. आयुष्यातला पहिला मोठा प्रस्ताव लिहायला बसल्यावर त्यांना एक गोष्ट नव्याने कळते. सहा महिने राबून लिहिलेला प्रस्ताव आपण स्वतः पाठवू शकत नाही. संगणकावर सगळे फॉर्म भरता येतात, फाइली जोडता येतात, पण शेवटचे 'सबमिट' आपल्या लॉगिनने होत नाही. तो अधिकार विद्यापीठातल्या एका कार्यालयाकडे असतो.

या कार्यालयाचे नाव प्रत्येक विद्यापीठात थोडे वेगळे. बहुतेक ठिकाणी 'ऑफिस ऑफ स्पॉन्सर्ड प्रोग्राम्स' असे किंवा त्याच्या जवळपासचे काहीतरी. नव्या प्राध्यापकाला ते आधी निव्वळ लाल फितीचे वाटते. ते तसे का नाही, हे समजायला आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो.

अर्ज नक्की कुणाचा?

आपण सहज म्हणतो, 'अमुक प्राध्यापकांना ग्रँट मिळाली.' कागदोपत्री ते खरे नसते. एनआयएचच्या आर-झिरो-वनमध्ये अर्जदार असते विद्यापीठ. प्राध्यापक हा प्रमुख संशोधक, म्हणजे काम करणारा आणि शास्त्रीय बाजूची जबाबदारी घेणारा माणूस. पैसा विद्यापीठाला मिळतो, हिशेब विद्यापीठ देते, लेखापरीक्षणाला उत्तरही विद्यापीठालाच द्यावे लागते. प्राध्यापक नोकरी बदलून दुसऱ्या विद्यापीठात गेला तरी अनुदान आपोआप त्याच्यामागे जात नाही. जुन्या विद्यापीठाने त्यावरचा हक्क लेखी सोडावा लागतो, नव्याने नवा अर्ज करावा लागतो आणि एनआयएचने ते मान्य करावे लागते.

या व्यवस्थेचा एक फायदा आपल्या लोकांना थेट मिळतो. अर्जदार अमेरिकी संस्था असल्यामुळे प्रमुख संशोधक अमेरिकेचा नागरिक असण्याची अट आर-झिरो-वनला नाही. ग्रीन कार्डही लागत नाही. व्हिसावर असलेला प्राध्यापकही प्रमुख संशोधक होऊ शकतो, फक्त त्याच्या विद्यापीठाने त्याला तसे उभे केले पाहिजे. (पीएचडी करणाऱ्यांना वैयक्तिक फेलोशिप म्हणून मिळणाऱ्या 'एफ-३१'ला मात्र नागरिकत्व किंवा कायमचे वास्तव्य लागते. इथे अनेकांची गल्लत होते.)

आता सहीचा मुद्दा. प्रस्ताव पाठवताना विद्यापीठाचा अधिकृत प्रतिनिधी सरकारला हमी देतो की यातली माहिती खरी आहे आणि नियम पाळले जातील. ही हमी नुसती शोभेची नाही. अमेरिकेत 'फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट' नावाचा १८६३ सालचा, यादवी युद्धाच्या काळातला कायदा आहे. सरकारला खोटे दाखवून पैसे घेतले तर त्याखाली नुकसानीच्या तिप्पट वसुली होऊ शकते. २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाने या कायद्याखालचे एक प्रकरण ११ कोटी २५ लाख डॉलर भरून मिटवले. अनुदानाच्या अर्जांत आणि प्रगती अहवालांत बनावट आकडेवारी गेल्याचा तो आरोप होता. चूक प्रयोगशाळेत झालेली, पैसे भरले विद्यापीठाने. 'सबमिट'चा अधिकार कुणाकडेही सोडायला विद्यापीठे का तयार नसतात, हे यावरून लक्षात येईल.

कार्यालय मधल्या दिवसांत करते काय?

बहुतेक विद्यापीठांची आपली एक आतली मुदत असते. सरकारी तारखेच्या काही कामाचे दिवस आधी प्रस्ताव कार्यालयात पोहोचला पाहिजे, असा नियम. पाच दिवस ही पुष्कळ ठिकाणी आढळणारी मुदत, काही ठिकाणी त्याहून जास्त. त्याआधी विद्यापीठाच्या स्वतःच्या संगणक प्रणालीत विभागप्रमुख आणि डीन यांची संमती घ्यावी लागते. प्राध्यापकाचा वेळ, प्रयोगशाळेची जागा, विद्यापीठाने कबूल केलेला एखादा खर्च, हे सगळे त्यात येते. डीन परगावी गेले असतील तर तिथेच दोन दिवस जातात.

यातला सर्वांत किचकट भाग बजेटचा. संशोधकाला दिसतो तो थेट खर्च: पगार, रसायने, यंत्रे, प्रवास. त्यावर विद्यापीठ अप्रत्यक्ष खर्च लावते. इमारत, वीज, ग्रंथालय, आणि हो, हे कार्यालयसुद्धा त्यातून चालते. याचा दर प्रत्येक विद्यापीठ केंद्र सरकारशी वाटाघाटी करून ठरवते. समजा दर ५० टक्के असेल आणि तो लागू होणारा थेट खर्च एक लाख डॉलर असेल, तर विद्यापीठाला वर आणखी ५० हजार मिळतात. पण तो सगळ्या रकमांना लागत नाही. महागडी उपकरणे आणि विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क सहसा वगळतात, दुसऱ्या संस्थेला दिलेल्या उपकंत्राटाच्या ठरावीक रकमेपर्यंतच तो लागतो. ही बेरीज चुकली तर पुढे विद्यापीठाला भुर्दंड. म्हणून कार्यालयातला माणूस तुमच्या विज्ञानाचे एक पानही न वाचता बजेटच्या तक्त्यावर दोन तास घालवतो. (एनआयएचने फेब्रुवारी २०२५ मध्ये हा दर सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली आणि विद्यापीठांनी थेट न्यायालय गाठले. न्यायालयाने तो निर्णय रोखला. वाद किती पैशांचा असेल याची कल्पना त्यावरून यावी.)

बाकीची तपासणी ऐकायला क्षुल्लक वाटते. संशोधनाची मांडणी १२ पानांत बसली आहे का, उद्दिष्टे एका पानात आहेत का. अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान नाही ना, समास अर्ध्या इंचापेक्षा कमी नाही ना. प्रत्येक जोडपत्र पीडीएफमध्ये आहे का. फाइलचे नाव ५० अक्षरांच्या आत आहे का. प्रमुख संशोधकाने एनआयएचच्या 'ई-आरए कॉमन्स' या प्रणालीतले आपले खातेनाव फॉर्मवरच्या 'क्रेडेन्शियल' या रकान्यात लिहिले आहे का. हा शेवटचा रकाना ग्रँट्स डॉट गव्हच्या फॉर्मवर सक्तीचा म्हणून दाखवलेला नसतो, तरी एनआयएचला तो लागतोच. रिकामा राहिला की अर्ज अडतो, आणि तो रिकामा सोडणारे दर फेरीत सापडतात.

आणखी एक गोष्ट प्राध्यापकाला सहसा माहीतही नसते. विद्यापीठाची केंद्र सरकारच्या 'सॅम डॉट गव्ह' या यादीत नोंदणी असावी लागते आणि ती दरवर्षी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्यासाठी प्रत्येक संस्थेला १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आहे. नोंदणीची मुदत संपली तर त्या संस्थेचा कुणाचाच अर्ज पुढे सरकत नाही. मोठ्या विद्यापीठांत यासाठी स्वतंत्र माणूस असतो. लहान कंपनी किंवा छोटी संस्था पहिल्यांदा अर्ज करत असेल, तर या सगळ्या नोंदण्यांना सहा आठवडे धरून चाला, असे एनआयएच स्वतःच सांगते.

'सबमिट' झाले म्हणजे पोहोचले का?

नाही, आणि सर्वांत जास्त प्रस्ताव इथेच अडखळतात.

अर्ज आधी 'ग्रँट्स डॉट गव्ह' या केंद्रीय संकेतस्थळावर जातो. अमेरिकी सरकारच्या सगळ्या खात्यांचे अनुदान अर्ज एका दारातून यावेत म्हणून ते २००३ मध्ये सुरू झाले. तिथे अर्जाला वेळेचा शिक्का आणि एक मागोवा क्रमांक मिळतो, त्यानंतर प्राथमिक तपासणी होते. 'अर्ज स्वीकारला' अशी ईमेल येते. नवखा माणूस इथे सुटकेचा श्वास टाकतो आणि घरी जातो.

खरे तर प्रवास अर्धाच झालेला असतो. यानंतर एनआयएचची ई-आरए कॉमन्स प्रणाली तो अर्ज उचलते आणि स्वतःच्या नियमांनी पुन्हा तपासते. तिच्या उत्तरात दोन प्रकारच्या गोष्टी असतात: इशारे आणि त्रुटी. इशारा असेल तर अर्ज पुढे जातो, तो बघून सोडून दिला तरी चालतो. त्रुटी एक जरी असली तरी अर्ज थांबतो. दुरुस्त करून पूर्ण अर्ज पुन्हा ग्रँट्स डॉट गव्हमार्फत पाठवावा लागतो, आणि त्रुटी नसलेला अर्ज मुदतीच्या आत पोहोचला तरच तो वेळेवर आला असे धरतात.

मुदत असते संध्याकाळी पाच वाजता. समजा कार्यालयाने चार वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज पाठवला. पहिले दार पाच मिनिटांत उघडले. दुसऱ्या तपासणीचा निकाल यायला कधी काही मिनिटे लागतात, कधी काही तास. देशभरातले अर्ज त्याच दुपारी आलेले असल्याने त्या दिवशी रांग लांबच असते. निकाल पाच वाजून दहा मिनिटांनी आला आणि त्यात 'क्रेडेन्शियल रकाना रिकामा' एवढी एकच त्रुटी निघाली, तरी हातात काही उरत नाही. पूर्वी अशा चुका सुधारायला मुदतीनंतर दोन दिवसांची सवलत होती. २५ जानेवारी २०११ पासून ती बंद झाली.

अर्ज त्रुटीविना पार पडला की सगळे भाग जोडून तयार झालेली एक सलग प्रत दिसते, आणि ती बघायला दोन कामाचे दिवस मिळतात. एखादा आलेख काळा पडलेला किंवा एखादे पान गायब असेल तर ते इथे कळते. पण ही दोन दिवसांची सोय मुदत वाढवत नाही. मुदत उलटल्यावर अर्ज मागे घेऊन बदललेली प्रत पाठवली, तर ती उशिरा आलेलीच मानली जाते. म्हणजे शेवटच्या दिवशी पाठवणाऱ्याला काळा पडलेला आलेख दिसतो, पण बदलता येत नाही. मंगळवारची मुदत असताना आदल्या गुरुवारी प्रस्ताव मागणारे कार्यालय हा सगळा हिशेब करून बसलेले असते.

पाच वाजता म्हणजे कुठले पाच, हेही अनेक जण विचारतात. अर्जदार संस्था जिथे आहे तिथले. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये मुदत संपते तेव्हा हवाईत अजून दुपारही झालेली नसते किंवा जेमतेम झालेली असते.

उशीर झाल्यावर माफी मिळते का? क्वचित. जवळच्या नातलगाचा मृत्यू, अचानक गंभीर आजारपण, मोठी नैसर्गिक आपत्ती, किंवा एनआयएचच्याच तज्ज्ञ समितीवरचे काम अशी कारणे विचारात घेतात. शिकवण्याचा ताण, प्रयोगशाळा हलवणे, परिषदेला जाणे ही कारणे चालत नाहीत. नोंदणी वेळेत झाली नाही हेही नाही. मुदत हुकली तर बहुतेकदा पुढच्या फेरीपर्यंत चार महिने थांबायचे. त्यात अर्ज दिल्यापासून पैसा हातात यायला सगळे सुरळीत झाले तरी नऊ-दहा महिने जातात. कायम होण्यासाठी ज्याच्याकडे साधारण सहा वर्षे आहेत, त्याला हे चार महिने जड जातात.

कागद होता तेव्हा

जुने प्राध्यापक सांगतात की पूर्वी बरे होते. काही अंशी खरे आहे. कागदाच्या काळात ठरलेल्या तारखेला पाकीट टपालात किंवा कुरिअरमध्ये पडल्याचा पुरावा पुरत असे. पण सहीचा कागद तेव्हाही याच कार्यालयातून आणावा लागे, आणि प्रतींचे गठ्ठे झेरॉक्स करून जुळवत बसावे लागे ते वेगळेच. ग्रँट्स डॉट गव्हचे सुरुवातीचे फॉर्म 'प्युअरएज' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत आणि ते फक्त विंडोजवर चाले. मॅक वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनी तेव्हा बरीच बोटे मोडली. २००९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून संशोधनाला जादा पैसा आला, तेव्हा एनआयएचच्या एकाच योजनेला वीस हजारांच्या आसपास अर्ज आले. हा भार या एका दाराला पेलेल का, अशी धास्ती सरकारलाच होती, आणि काही खात्यांना त्या काळात इतर मार्गांनी अर्ज घेऊ दिले गेले.

भारतात काय आहे?

आपल्याकडे रचना थोडी वेगळी. एएनआरएफ, म्हणजे २०२३ च्या कायद्याने आलेली आणि जुन्या एसईआरबीची जागा घेतलेली संस्था, तिच्या पोर्टलवर प्राध्यापक स्वतः नोंदणी करतो आणि प्रस्ताव स्वतःच सादर करतो. पण संस्थाप्रमुखाच्या सही-शिक्क्याचे संमतिपत्र स्कॅन करून जोडावे लागते. संस्था सोयी देईल, पैशाचा हिशेब ठेवेल, असे त्यात लिहिलेले असते. म्हणजे बटण प्राध्यापकाचे, जबाबदारीचा कागद मात्र संस्थेचा. मोठ्या राष्ट्रीय संस्थांत यासाठी संशोधन व विकास विभाग असतो. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्राध्यापकाला प्राचार्यांच्या केबिनबाहेर स्वतःच उभे राहावे लागते, आणि बजेटमधली चूक पकडणारे दुसरे कुणी नसते.

तिकडे नव्याने रुजू झालेल्यांनी प्रस्तावाचा विषय पक्का व्हायच्या आधीच दोन कामे उरकून घ्यावीत. ई-आरए कॉमन्सचे खाते आपल्याला स्वतःहून उघडता येत नाही, तेही विद्यापीठाच्याच कार्यालयाकडून मिळते, ते मागून घ्यावे. आणि आपल्या विभागाचे अर्ज कार्यालयातले कोण बघते, ते विचारून त्या व्यक्तीला मुदतीच्या दोन महिने आधी एक ईमेल पाठवावी: अमुक तारखेला माझा प्रस्ताव येणार आहे.