स्ट्रीट ट्रायल्स सायकलची निवड

स्ट्रीट ट्रायल्स हा पाय जमिनीला न टेकवता पायऱ्या, ओटे, कठडे व भिंती असे शहरी अडथळे सायकलीवरून पार करण्याचा क्रीडाप्रकार आहे. मराठी बोलण्यात 'बाइक' म्हणजे मोटारसायकल असा अर्थ रूढ झाल्याने या नावाचा घोटाळा होतो. रस्त्यावर मोटारसायकलीच्या कसरती करणे हा मोटार वाहन कायद्याखाली कारवाईस पात्र ठरणारा प्रकार आहे; त्याचा या खेळाशी काहीही संबंध नाही. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरातील नवशिक्याने पहिली सायकल निवडताना कोणत्या बाबी पाहाव्यात, याचे विवेचन या लेखात केले आहे.

पार्श्वभूमी

सायकल ट्रायल्सचा उगम मोटारसायकल ट्रायल्समध्ये आहे. स्पेनमधील काटालोनिया प्रांतात माँटेसा या मोटारसायकल कंपनीशी संबंधित पेद्रो पी यांनी आपला मुलगा ओत पी याला लहान सायकलीवर हे तंत्र शिकविले. पुढे ओत पी जगज्जेता झाला. स्पर्धेतील ट्रायल्समध्ये आखलेला मार्ग व दंडगुण असतात. रस्त्यावरच्या ट्रायल्समध्ये ते नसून कल्पकतेला वाव असतो. हा प्रकार जगभर पोहोचविण्याचे श्रेय स्कॉटलंडमधील स्काय बेटावर १९८५ साली जन्मलेल्या डॅनी मॅकअस्किल याला दिले जाते. एडिनबरा शहरात चित्रित झालेली त्याची चित्रफीत एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तो सायकलच्या दुकानात कारागीर होता. यंत्राची जाण आणि कौशल्य यांचा या खेळातील संबंध त्यावरून लक्षात यावा.

चौकट, चाके व दाते

या सायकलीची चौकट बुटकी, मागचा भाग आखूड आणि हँडल उंच व रुंद असते. सीट नावापुरती असते. म्हणून स्टेशनपर्यंत जाण्यासाठी आणि खेळासाठी एकच सायकल घ्यावी, हा घरोघरी होणारा विचार येथे फसतो: बसून चालविता येत नाही आणि वेगही येत नाही. याचे कारण दात्यांच्या प्रमाणात आहे. साध्या सायकलीला समोर ४४ व मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४ वेळा फिरते आणि २८ इंची चाकावर सायकल ५ मीटरहून अधिक पुढे जाते. ट्रायल्स सायकलीत समोर १८ व मागे १५ असे प्रमाण आढळते. २६ इंची चाकावर एका फेऱ्यात सुमारे अडीच मीटरच अंतर कापले जाते. त्या बदल्यात जागच्या जागी उसळी घेण्याइतका जोर तत्काळ मिळतो. स्ट्रीट ट्रायल्समध्ये हे प्रमाण थोडे अधिक ठेवतात. गिअर नसणेच बरे, कारण उडी मारण्याच्या क्षणी चेन दात्यावरून घसरली, तर छाती हँडलवर आदळते.

मागच्या हबमधील फ्रीव्हील किती लवकर पकडते, हेही पाहावे. एका फेऱ्यात १८ ठिकाणी पकडणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये पायडल २० अंशांपर्यंत रिकामे फिरू शकते. ७२ ठिकाणी पकडणाऱ्यात ५ अंशच. तोल जात असताना हा फरक पायाला स्पष्ट जाणवतो.

चाके २०, २४ किंवा २६ इंचांची असतात. २० इंची चाक मुख्यतः स्पर्धेसाठी वापरतात. २४ इंची चाक मजबूत व चपळ असल्याने रस्त्यावरच्या खेळात ते अनेकांना आवडते. मात्र आपल्याकडील दुकानांत २४ इंची टायर मिळतात ते बहुधा मुलांच्या सायकलींचे, अरुंद व पातळ. उलट २६ इंची रुंद टायर व ट्यूब माउंटन बाइकमुळे सहज उपलब्ध असतात. स्थानिक दुकानावरच अवलंबून राहणाऱ्या नवशिक्याने २६ इंची चाक घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

ब्रेक

पैसे वाचवायचे असतील तर ते ब्रेकवर वाचवू नयेत. एका बोटाने दाबताच चाक घट्ट धरले गेले पाहिजे. स्पर्धक रिमवर पकड यावी म्हणून ग्राइंडरने रिम खरवडतात, पण पावसात ही पकड कमी होते. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात हायड्रॉलिक डिस्क ब्रेक सोयीचे असतात. त्यांत कोणते तेल लागते हे खरेदीच्या वेळीच विचारून लिहून ठेवावे. काही ब्रेक खनिज तेलावर चालतात, तर काहींना मोटारसायकलीसारखे डॉट द्रव लागते. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये गॅरेजमधील डॉट द्रव भरल्यास आतील रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो.

नवी की वापरलेली

तयार ट्रायल्स सायकल बहुधा परदेशातून मागवावी लागते. मूळ किमतीत मालवाहतूक व सीमाशुल्काची भर पडते. म्हणून वापरलेल्या सायकलीकडे ओढा असतो. वापरलेली सायकल घेताना खरी जोखीम भेगेची असते. ॲल्युमिनियमची चौकट वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी थकते आणि वरून चकाकत असतानाही वेल्डिंगच्या सांध्याजवळ फाटू लागते. हँडलजवळचा सांधा, पायडलच्या धुऱ्याभोवतीचा भाग आणि पुढचा चिमटा कापडाने पुसून उजेडात तपासावा. रंगात केसासारखी रेघ दिसली, तर विक्रेता ओळखीचा असला तरी सौदा सोडावा. उल्हासनगरात लोखंडी कपाटे व जाळ्या जोडणाऱ्या कुशल वेल्डरांची वाण नाही, परंतु ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमला वेल्डिंगनंतर ठराविक तापमानाची प्रक्रिया द्यावी लागते. ती न दिल्यास सांध्याजवळचा धातू मऊच राहतो. क्रोमोली पोलादाची चौकट थोडी जड असली, तरी या बाबतीत अधिक सोशिक असते.

हा खर्च पेलत नसेल, तर जुन्या २६ इंची माउंटन बाइकवर पहिले धडे गिरविता येतात. स्प्रिंगचा चिमटा काढून साधा, ताठ चिमटा बसवावा आणि सीट शक्य तितकी खाली करावी. जागीच तोल धरून उभे राहणे, पुढचे चाक उचलणे व मागच्या चाकावर उड्या मारणे यांचा प्रारंभिक सराव त्यावर होतो. मोठ्या उड्यांसाठी मात्र अशी चौकट वापरू नये.

सराव व निगा

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात असून क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर आहे. मोकळी जागा दुर्मीळ असली, तरी तोल शिकण्यास चार पावलांचे अंगण पुरते. गृहसंकुलाच्या आवारात आधी परवानगी घ्यावी. अंबरनाथ येथील शके ९८२ (इ.स. १०६०) मधील शिवमंदिर हे संरक्षित स्मारक आहे, त्याच्या पायऱ्या व ओटे कितीही मोहक वाटले, तरी ती सरावाची जागा नव्हे. औद्योगिक वसाहतींतील रुंद रस्ते अवजड वाहनांमुळे धोक्याचे असतात.

हेल्मेट आणि नडगीचे कवच यांचा खर्च सायकलीच्या किमतीतच धरावा, कारण निसटलेले दातेरी पायडल सर्वप्रथम नडगीवर बसते. पावसाळ्यात प्रत्येक सरावानंतर चेन पुसून तेल द्यावे. हे तेल ब्रेकच्या पॅडवर उडाल्यास पॅड बहुधा बदलावेच लागतात.