शाळेतला संगणक निर्लेखित करण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट थांबवले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४-बिट प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्रांत ती चिप सहसा नसते. त्यामुळे जालना जिल्ह्यातलं भोकरदन असो, मंठा असो की घनसावंगी, शाळेतले जुने संगणक आता निर्लेखनाच्या यादीत टाकायचे, हा विचार कोणाच्याही मनात येईल. माझं म्हणणं वेगळं आहे. बंद पडलेला म्हणून झाकून ठेवलेला संगणक पुष्कळदा एखाद्या साध्या, नाव घेऊन सांगता येणाऱ्या दोषामुळे अडलेला असतो. तो दोष न शोधता जडसंग्रह नोंदवहीत लाल रेघ मारणं म्हणजे पोरांच्या हातातलं साधन काढून घेणं आहे.

ही यंत्रं शाळांत आली कशी, हे आधी लक्षात घ्यायला हवं. केंद्र सरकारची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. महाराष्ट्रात ती कंत्राटी पद्धतीने राबवली गेली: कंपनीने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची. मुदत संपली की कंपनीचा निदेशकही जातो. संगणक उरतात, ते जाणणारा माणूस उरत नाही. पुढे २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग झाले, आणि तिथेही दुरुस्तीची सोय मागेच राहिली. माणूस नसला की त्याची जागा समजुती घेतात. त्यातल्या काहींनी शाळांचं खरंच नुकसान केलं आहे.

सगळ्यात पक्की समजूत अशी की यंत्र जुनं झालं म्हणजे त्यावर शिकवण्याचं सॉफ्टवेअर चालणार नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाची वस्ती आहे. तिथल्या छोट्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. मुलांच्या हाती दिलेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. आज साध्यातला साधा मोबाइलही याच्या कितीतरी पुढे आहे. तरी त्या यंत्रावर मुलं लिहीत, चित्रं काढत, फोटो घेत, कारण त्यावरचं ‘शुगर’ हे सॉफ्टवेअर त्याच ताकदीच्या मापाने बेतलेलं होतं. मापात बसेल असंच सॉफ्टवेअर निवडायचं, एवढीच गोष्ट आहे. नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर लादायची आणि मग यंत्राला दोष द्यायचा, हा अन्याय आहे.

मंदपणाचं कारणही बहुतेक वेळा प्रोसेसर नसतो. विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती १ जीबी रॅमवर सुरू होते खरी, पण ब्राउझर उघडला की रॅम संपते, मग यंत्र हार्ड डिस्कवर उसनी जागा घेतं आणि सगळं रखडतं. रॅम ४ जीबी केली आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी बसवली, तर तोच संगणक ओळखू येत नाही. मात्र डिस्कची जोडणी साटा प्रकारची हवी. रुंद पट्टीची आयडीई केबल असलेल्या अगदी जुन्या यंत्रावर हा खर्च करू नये. दोन अँटीव्हायरस घातले की दुप्पट सुरक्षा मिळते, हाही भ्रम आहे. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मंदपणा वाढवतात.

“सेटअप चालतच नाही, नक्की व्हायरस असणार.” पडद्यावर इंग्रजीत चूक दिसली की हा निष्कर्ष काढला जातो. खरं कारण पुष्कळदा ३२ आणि ६४ बिटचं असतं. ३२-बिट विंडोजवर ६४-बिट प्रोग्राम कोणत्याही उपायाने चालत नाही. उलट मात्र बहुधा चालतं. विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की आपली विंडोज कोणती ते तिथेच लिहिलेलं असतं. दुसरं कारण म्हणजे सेटअपची फाईलच अपुरी असते. अवघ्या एक-दोन एमबीची फाईल म्हणजे फक्त डाउनलोड सुरू करणारा दलाल. शाळेत नेट नसेल तर ती तिथेच थांबते. घरून किंवा तालुक्याच्या गावातून पूर्ण ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ पेनड्राइव्हवर आणावा. तिसरं कारण, अमुक डीएलएल फाईल सापडत नाही असा संदेश. तेव्हा ती एकटी फाईल कुठल्याशा साइटवरून उतरवून घेणं हीच व्हायरसची वाट आहे. ‘एमएसव्हीसीपी’ने सुरू होणारं नाव दिसलं, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल हे मोफत पॅकेज टाकलं की काम होतं.

आता संगणकाच्या घड्याळातल्या तारखेकडे येऊ. माझ्या मते शाळांतले सर्वांत जास्त संगणक या एका कारणामुळे उगाच बदनाम झाले आहेत. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दीड महिना संगणक बंद राहिला आणि सेल कमजोर असला, की जूनमध्ये यंत्र सुरू होतं ते पंधरा वर्षं मागच्या तारखेवर. मग काय होतं? सुरक्षित वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध हे लिहिलेलं असतं. संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. तो साइट उघडू देत नाही, ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असं बजावतो. शिक्षकांना वाटतं नेट खराब आहे, नेटवाला म्हणतो संगणक खराब आहे. पन्नास रुपयांच्या आसपासचा सेल बदलून आणि तारीख बरोबर लावून हा तंटा मिटतो.

तारीख बरोबर असूनही तीच सूचना येत असेल, तर कारण वेगळं. इंटरनेटवरच्या असंख्य साइट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं वापरतात. ती ज्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर जुन्या यंत्रांत चालत, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, आणि अपडेट न झालेल्या यंत्रांवर काल उघडणाऱ्या साइट आज उघडेनाशा झाल्या. यावर सोपा इलाज फायरफॉक्स, कारण तो प्रमाणपत्रांची यादी स्वतःच्या पोटात ठेवतो. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती तिथे चालते.

“मराठी नीट दिसत नाही, फाईल करप्ट आहे.” फाईल बहुधा धडधाकट असते. पडद्यावर काय दिसतं ते नीट पाहिलं की रोग कळतो. मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी-सुरेखसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला आहे आणि तो फॉण्ट या यंत्रात नाही. मूळ फॉण्ट टाकावा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. पण वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेले दिसत असतील, किंवा नुसते चौकोन येत असतील, तर मजकूर युनिकोडमध्येच आहे, यंत्राला तो जुळवता येत नाही एवढंच. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय होती, पण ती आपणहून सुरू नसे. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’च्या ‘लँग्वेजेस’ भागात ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या फाईल्स बसवण्याची एक चौकट आहे, तिच्यावर खूण करायची, एक्सपीची सीडी घालायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. विंडोज ७ मध्ये हे काही करावं लागत नाही, मंगल फॉण्ट आधीच असतो.

शैक्षणिक सीडींचंही असंच. कपाटात ठेवलेल्या कित्येक सीडींतले धडे फ्लॅशमध्ये बनवलेले होते. अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरने आतला मजकूर दाखवणंच थांबवलं. म्हणजे सीडीही चांगली आणि ड्राइव्हही चांगला. ‘फ्लॅश प्लेयर डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या साइटवर मात्र आता जाऊ नये. खरा प्लेयर तिथे असण्याची शक्यता फार कमी. सीडीवर धड्यांच्या .एसडब्ल्यूएफ फाईल असतील तर ‘रफल’ हा मोफत प्रोग्राम त्यातल्या बऱ्याचशा चालवतो.

हमखास उपाय म्हणून सांगितली जाणारी “फॉरमॅट मारा, सगळं ठीक होईल” ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. फॉरमॅट मारल्याने धूळ निघत नाही, सैल झालेली रॅम बसत नाही, सेल भरत नाही. उलट शिक्षकांनी वर्षानुवर्षं जमवलेले धडे आणि निकालपत्रकं जातात. शिवाय जुन्या मदरबोर्डचे ड्रायव्हर मिळणं कठीण. नेटचा ड्रायव्हर गेला की बाकीचे उतरवून घेण्याची वाटही बंद. आधी वीज काढून कॅबिनेट उघडावी. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीचा गठ्ठा असेल तर मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात यंत्र दहा मिनिटांत स्वतःला बंद करून घेतं, आणि त्याला आपण ‘सॉफ्टवेअर हँग होतं’ म्हणतो. सुरू होताना नुसत्या शिट्ट्या येत असतील तर रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून हलकं खोडरबर फिरवावं, कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसवावी. अर्थिंग तपासून घ्यावं. एवढं करून भागलं नाही तरच फॉरमॅट, तेही आधी सगळा डेटा दुसरीकडे घेऊन.

लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली इंजिनिअर लोकांसाठी असते आणि फुकटचं म्हणजे कामचलाऊ, ही जोडगोळीही मोडायला हवी. केरळच्या सरकारी शाळांनी दीड दशकापेक्षा जास्त काळ मुक्त सॉफ्टवेअरवर शिक्षण चालवलं आहे, तिथे मुलं उबुंटूवर आधारित प्रणाली सहज वापरतात. आपल्याकडे क्रॅक केलेली विंडोज आणि तिचं ‘ॲक्टिव्हेटर’ पेनड्राइव्हवरून फिरतात, आणि त्यांच्यासोबत व्हायरस फिरतात. लिनक्सचा आणखी एक गुण म्हणजे ते न बसवता, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. यंत्र ६४-बिट असेल आणि रॅम २ ते ४ जीबी असेल तर लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ३२-बिट यंत्रासाठी पर्याय कमी होत चालले आहेत, पण अँटीएक्ससारख्या हलक्या प्रणाली आहेत.

त्यावर शिकवायला काय मिळतं? जीकॉम्प्री हा लहान मुलांच्या खेळ-स्वाध्यायांचा संच फ्रान्सच्या ब्रुनो कुदवाँ यांनी २००० मध्ये सुरू केला. आज त्यात दीडशेहून जास्त उपक्रम आहेत. ग्राफिक कार्ड जुनं म्हणून पडदा काळा राहिला तर ग्राफिक कार्डाशिवाय चालण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी. चित्रकलेसाठी टक्स पेंट. स्क्रॅच ३ जुन्या यंत्रावर अडत असेल तर स्क्रॅच १.४ घ्यावं, प्रोग्रामिंगची पहिली पावलं त्यावरही तितकीच पक्की पडतात. भूमितीसाठी जिओजेब्रा क्लासिक ५.

नेट नसेल तर हे सगळं व्यर्थ, असं समजणारे भेटतात. कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातले नव्या प्रकारचे विज्ञान-प्रयोग एकेका एचटीएमएल फाईलमध्ये मिळतात. ती फाईल पेनड्राइव्हवर आणून ब्राउझरमध्ये उघडली की प्रयोग सुरू. कित्येक प्रयोग मराठीतही आहेत. किविक्स नावाच्या प्रोग्राममध्ये अख्खा मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये साठवता येतो. कोलिब्री हे नेटशिवाय चालणारं शिकवण्याचं सॉफ्टवेअर त्यातल्या त्यात बऱ्या अशा एकाच संगणकावर बसवायचं, बाकीचे संगणक साध्या लॅन केबलने जोडायचे. ते फक्त ब्राउझर उघडतात, भार पहिल्यावर पडतो. कोलिब्रीचे पडदेही मराठीत मिळतात.

एका बाबतीत मात्र धास्ती रास्त आहे. सुरक्षा-अपडेट बंद झालेल्या विंडोजवर नेट जोडून शाळेचा पासवर्ड, बँक व्यवहार किंवा विद्यार्थ्यांची आधारसंबंधी माहिती हाताळू नये. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला गेला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. अशी यंत्रं नेटपासून तोडून फक्त शिकवण्यासाठी ठेवावीत, किंवा त्यांवर लिनक्स घालावं. आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतील तर ते यंत्र खरंच संपलं. त्याची रॅम आणि चालू असलेली डिस्क दुसऱ्याला द्यावी, उरलेलं नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवावं.

जालन्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या आणि तालुक्यांतल्या आयटीआयच्या मुलांना सरावासाठी यंत्रं हवी असतात, शाळांना हात हवे असतात. मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी या मुलांना एखाद्या शनिवारी बोलवावं. नवा सेल, खोडरबर, ब्रश आणि लिनक्सचा एक पेनड्राइव्ह एवढ्या सामानावर संगणक कक्ष तपासून घ्यावा, आणि त्यानंतरच निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करावी.