महामारी, इन्सुलिन आणि वैद्य : काही अनुभव

ऑगस्ट २०२० मध्ये आमच्या तालुक्यातील एका वसतिगृहात उभारलेल्या कोविड केंद्रावर प्रस्तुत लेखक कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत होता. पीपीई किट एकदा अंगावर चढविले की सहा तास पाण्याचा थेंबही नाही. एके दुपारी चौथ्या तासाला अंग घामाने निथळू लागले, हात कापू लागले, आणि एकाच रुग्णाच्या कागदावर ऑक्सिजनचा तोच आकडा मी तीनदा लिहिला. किटच्या आत घाम सर्वांनाच येतो. हा घाम उकाड्याचा की रक्तशर्करा घसरल्याचा, हे मला ओळखता येईना. परिचारिका भगिनीने दंडाला धरून बाहेर नेले, किट उतरविले आणि रुग्णांसाठी ठेवलेला ग्लुकोमीटर लावला. आकडा आला ४८. डॉक्टर स्वतः इन्सुलिनवर आहेत, हे तिला तेव्हा कळले. केंद्रावर अन्य कोणालाही ते ठाऊक नव्हते.

मी ते सांगितले नव्हते, हा दोष माझा. १९९८ मध्ये, बी.ए.एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, मला टाइप वन मधुमेहाचे निदान झाले. तेव्हापासून दिवसातून चार वेळा इंजेक्शन घेतो. पण ‘ज्याला स्वतःचा प्रमेह आवरत नाही तो आमचा काय आवरणार’ असे रुग्ण म्हणतील, या भीतीने व्यवसायात ही गोष्ट झाकून ठेवली. रुग्णांपेक्षाही अधिक संकोच आपल्या व्यवसायबंधूंचा वाटे. विजयसाराच्या पेल्यातील पाण्यापासून वसंतकुसुमाकरापर्यंत सर्व सल्ले ऐकून झाले आहेत, आणि प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी ‘मग इन्सुलिन सुटेल’ हे शब्द असत.

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले. चरकाचार्यांनी स्थूल व कृश प्रमेही वेगळे करून कृशाला बृंहण सांगितले. टाइप वन म्हणजे नेमका सहज प्रमेहच असे मी म्हणणार नाही; परंतु सर्व प्रमेही एकाच तागडीत तोलू नयेत, ही दृष्टी आपल्याच संहितांची आहे. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करते. जे इन्सुलिन तयारच होत नाही, त्याची जागा कोणतेही तिक्त द्रव्य घेऊ शकत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला पहिल्या रुग्णास इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार तर काही वर्षे जगत.

इंग्लंडमधील नोंदींवर आधारित एक अभ्यास ऑगस्ट २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत टाइप वनच्या व्यक्तीला रुग्णालयात कोविडने मृत्यू येण्याचा धोका सुमारे साडेतीन पट आढळला. टाइप टूमध्ये दुप्पट. चाळीस वर्षांखालील व्यक्तींना प्रत्यक्ष धोका फारच अल्प होता. मी तेव्हा ४१ वर्षांचा होतो!

त्या दुपारनंतर वरिष्ठांना सर्व सांगितले. पाळी चार तासांची झाली. किट चढविण्यापूर्वी शर्करा १५० च्या खाली असल्यास आत जायचे नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला, आणि इन्सुलिनची सकाळची मात्रा माझ्या फिजिशियनच्या सल्ल्याने बदलली. (खिशात पूर्वी खडीसाखर असे. ती विरघळायला वेळ घेते. ग्लुकोजची पूड बरी.)

पण खरा धडा एप्रिल २०२१ मध्ये मिळाला. दहावीतील एका टाइप वनच्या मुलीला ताप आला. जेवण जाईना. ‘पोटात अन्न नाही, मग सुई कशाला’ असे तिच्या आईला सांगितले गेले, आणि सांगणारा आपल्यापैकीच एक होता. त्याने लंघन व काढा दिला. तिसऱ्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली ती खोल, वेगाने श्वास घेत; तोंडाला पिकल्या फळासारखा वास. तपासण्यात वेळ न घालविता तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. सलाइन व इन्सुलिनवर ती वाचली. तापात शर्करा वाढते. म्हणून अन्न कमी झाले तरी टाइप वनच्या रुग्णाचे इन्सुलिन पूर्ण बंद करावयाचे नसते. दर तीन-चार तासांनी शर्करा पाहावी, लघवीतील कीटोन पाहावेत, पाणी देत राहावे, उलट्या सुरू झाल्यास थांबू नये. ज्वरात लंघन हे आपले प्रथम सूत्र खरे, पण ते या रुग्णाला लावताना हात थरथरला पाहिजे.

आता फार्मसीमालकांसाठी. आयुष मंत्रालयाच्या २०२० च्या सूचनांत च्यवनप्राश दहा ग्रॅम सांगितला होता, व मधुमेहींनी साखरविरहित घ्यावा असेही म्हटले होते. हे दुसरे वाक्य फारसे कोणी वाचले नाही. घरोघरी गुळाचा काढा तीन-तीन वेळा उकळला गेला. इन्सुलिन घेणारा माणूस खाल्लेल्या कर्बोदकांचे ग्रॅम मोजून मात्रा ठरवितो. अवलेह, पाक, आसव-अरिष्ट यांच्या वेष्टणावर एका मात्रेत साखर व गूळ किती ग्रॅम, हे छापलेले असेल तर तो औषधही घेईल आणि मात्राही बरोबर ठरवील. आमच्या गावच्या एका उत्पादकांना मी हे सुचविले. नवीन वेष्टणे छापताना पाहू, म्हणाले. जुनी वेष्टणे अद्याप संपलेली नाहीत.