पीडीएफ ग्रंथातील खुणा आणि ठिकाणे

महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकास जुना मराठी ग्रंथ आज बहुधा पीडीएफच्या रूपानेच भेटतो. छापील प्रत दुर्मिळ असते. संगणकावर मात्र सहाशे पृष्ठांची छायाप्रत सहज उतरविता येते. परंतु हवे ते प्रकरण गाठण्यासाठी पाने सरकवीत बसावे लागले, तर तो ग्रंथ जवळ असून नसल्यासारखाच होय. ही अडचण थोड्या श्रमाने दूर होऊ शकते, म्हणून तिची रीत येथे सांगतो.

या रचनेत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक खूण, म्हणजे पडद्याच्या कडेला दिसणारी अनुक्रमणिका; दुसरे ठिकाण, म्हणजे खुणेवर वा दुव्यावर टिचकी मारली असता वाचक जेथे पोहोचतो ते स्थळ. प्रत्येक खुणेच्या नोंदीत तिचे शीर्षक, तिची जनक खूण, मागची व पुढची खूण आणि तिचे ठिकाण इतके लिहिलेले असते. पानावरील मजकुराशी तिचा संबंध नसतो. म्हणून अक्षरओळख न झालेल्या निव्वळ छायाचित्रांच्या ग्रंथालाही खुणा जोडता येतात. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

खुणा हाताने घालता येतात, पण प्रकरणे शंभर असली की पायथॉन भाषेतील छोटा कार्यक्रमच बरा. त्यासाठी पायपीडीएफ आणि पायम्यूपीडीएफ हे संच सर्वांस उपलब्ध आहेत. शीर्षक, पातळी व पृष्ठ अशी यादी द्यावी, की कार्यक्रम तीवरून खुणा रचतो. खरा घोटाळा होतो तो पृष्ठांकाचा. मुखपृष्ठाची २ व प्रस्तावनेची १६ पाने असतील, तर छापील पृष्ठ १ हे फायलीतील १९वे पान ठरते. त्यातही पायपीडीएफ मोजणी शून्यापासून करतो, म्हणजे त्याला १८ सांगावे लागते. पायम्यूपीडीएफच्या यादीत मात्र १९च लिहावयाचे. मध्येच अंक नसलेली चित्रपृष्ठे आली, की पुढचा हिशेब पुन्हा बदलतो. छापील अनुक्रमणिकेवर विसंबून राहू नये. दर प्रकरणाचे पहिले पान स्वतः पाहावे.

शीर्षके देवनागरीत लिहिण्यास अडचण नाही, मात्र ती युनिकोडमध्ये हवीत. जुन्या टंकांत जुळविलेल्या ग्रंथातून उतरवून घेतलेले शीर्षक खुणेत रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसते. ते नव्याने टंकलिखित करण्यावाचून गत्यंतर नाही.

नामांकित ठिकाणांचे महत्त्व आम्हांस याहून अधिक वाटते. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण पृष्ठाने देत नाही, अध्याय व ओवी यांनी देतो. कारण आवृत्तीगणिक पृष्ठे बदलतात. तद्वत सहाव्या अध्यायाच्या चौदाव्या ओवीस पीडीएफमध्ये एक नाव द्यावे. पुढे आरंभी चार पाने वाढली, तरी नव्या प्रतीत ते नाव योग्य पानाशी बांधले की बाहेरचे सारे दुवे पूर्ववत चालतात. क्रोम, फायरफॉक्स यांसारख्या ब्राउझरांत पत्त्याच्या शेवटी ते नाव जोडले असता ग्रंथ थेट तेथेच उघडतो. ओव्यांचा अनुक्रम सर्व प्रतींत एक नसतो, म्हणून राजवाडे प्रत की साखरे प्रत हे नावातच असावे. आणि नाव साध्या रोमन अक्षरांत व अंकांत ठेवावे, म्हणजे पत्त्यात ते बिघडत नाही.

ओवी पानाच्या मध्यावर असेल तर उंचीही सांगावी लागते. पीडीएफमध्ये ती सामान्यतः पानाच्या तळापासून मोजतात. एकक इंचाचा ७२वा भाग. ए-४ पानाचा माथा सुमारे ८४२वर येतो. वरून मोजण्याच्या सवयीने शून्य लिहिणारा पानाच्या तळाशी जातो! छायाचित्रित पानांची उंची सारखी नसते, ती फायलीतूनच वाचून घ्यावी.

शीर्षके, पृष्ठे आणि नावे यांची यादी पीडीएफच्या पोटात न ठेवता स्वतंत्र जपावी. उद्या त्याच ग्रंथाची अधिक स्वच्छ छायाप्रत मिळाली, तर पृष्ठांचा रकाना तपासून कार्यक्रम पुन्हा एकदा चालविला की काम झाले.