रोगप्रतिकारक पेशींची कळ फॉस्फेटच्या हाती

थेरगावच्या डांगे चौकातून औंधमार्गे पुण्याकडे निघाले, की पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार लागते. याच आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. शरीरात शिरलेला परजीवी आपल्या संरक्षक पेशींनाच कसा फितवतो, याचे एक उत्तर येथील संशोधकांनी २००४ मध्ये जगापुढे मांडले.

पेशीच्या पृष्ठभागावर आलेला संदेश आत पोहोचविण्याचे काम प्रथिने करतात. कायनेज नावाची विकरे 'एटीपी' या रेणूतील फॉस्फेट काढून प्रथिनाला जोडतात. फॉस्फेट जोडले जाताच प्रथिनाची ठेवण बदलते आणि ते कामाला लागते अथवा थांबते. फॉस्फटेज ही विकरे तेच फॉस्फेट काढून घेतात. दिव्याचे बटण दाबावे, तसाच हा प्रकार. ही क्रिया उलगडणारे एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी शरीरात पाचशेहून अधिक प्रकारची कायनेज आहेत.

पुण्यातील डॉ. भास्कर साहा यांच्या गटाने अभ्यासासाठी निवडला तो लिश्मानिया हा परजीवी. याच कुळातील एका जातीमुळे काळा आजार होतो. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींतच तो बिऱ्हाड थाटतो! या पेशींवरील 'सीडी-४०' या ग्राहकाकडून आत दोन वाटा फुटतात. 'पी-३८' या कायनेजला फॉस्फेट मिळाले, तर परजीवीला मारणारी यंत्रणा जागी होते. 'ईआरके'ला मिळाले, तर प्रतिकार थंडावतो. परजीवी संदेश दुसऱ्या वाटेने वळवितो, असे आढळून आले. उंदरांमध्ये 'ईआरके' रोखल्यावर परजीवी पुन्हा मारले जाऊ लागले. संदेश एकच, ग्राहकही एकच. मात्र फॉस्फेट कोणाला मिळाले, यावर जय-पराजय ठरला.

ही कळ औषधानेही फिरविता येते. संधिवातावरील टोफासिटिनिब हे औषध 'जॅक' गटातील कायनेज रोखते. सांध्यांची सूज उतरते. पण प्रतिकारशक्तीही मंदावते. दडून बसलेला क्षय उफाळण्याचा धोका असल्याने उपचारापूर्वी त्याची तपासणी करून घेतात. आपल्याकडे तर ही काळजी अधिकच आवश्यक.

माणसाच्या रक्तपेशींत हे फॉस्फेट मोजणे मात्र जिकिरीचे. नेहमीच्या रक्तगणनेचा नमुना प्रयोगशाळेत काही तासांनी पोहोचला तरी चालतो. फॉस्फेटची जोडणी काही मिनिटांतच बदलते. थेरगावात घेतलेले रक्त वाकडच्या वाहतूक कोंडीत अडकले, तर प्रयोगशाळेत दिसेल ते प्रवासात बदललेले चित्र. म्हणून अशा अभ्यासात पेशी शक्य तितक्या लवकर फॉर्मल्डिहाइडसारख्या रसायनाने जागच्या जागी गोठवून ठेवतात. त्यानंतर फॉस्फेट जोडलेले प्रथिन तेवढेच ओळखणारी, चमकणाऱ्या रंगाची प्रतिपिंडे त्यात मिसळतात. फ्लो सायटोमीटर या यंत्रात एकेक पेशी लेझर किरणासमोरून जाते आणि कोणत्या पेशीची कळ दाबली गेली होती, हे तिच्या चमकेवरून कळते.