पर्जन्यमान, हंगामी स्थलांतर आणि शिक्षण : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या संदर्भात

प्रस्तावना

पर्यावरण हा शब्द उच्चारताच प्रदूषण व वृक्षतोड हेच विषय प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. परंतु पाऊस, जमीन आणि तापमान हे घटक माणसाने कोणते काम करावे, ते कोठे शोधावे आणि त्याच्या मुलांनी किती शिकावे हेही ठरवीत असतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे जीवन हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

पाऊस आणि कामाचा शोध

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. बालाघाटाच्या डोंगररांगेतील पाटोदा, शिरूर कासार, धारूर यांसारख्या तालुक्यांत जमीन बहुतांशी हलकी व उथळ आहे. बाजरी, तूर, कापूस अशी खरिपाची पिके निघाली की सिंचनाअभावी शेतात काम उरत नाही. नेमक्या याच सुमारास पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो.

येथे काम शोधण्याची रीत वेगळी आहे. कामगार कामाच्या शोधात कारखान्याच्या दारी जात नाही. मुकादम गावात येतो आणि पावसाळ्यातच 'उचल' देतो. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि उचल या जोडीला मिळते. ही रक्कम पुढे टनामागील मजुरीतून फेडावयाची असते. पावसाने ओढ दिली की घरातील धान्य, बियाण्याचे कर्ज व औषधपाणी यांची निकड वाढते आणि दराविषयी घासाघीस करण्याची कामगाराची ताकद त्याच प्रमाणात घटते. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढील वर्षावर चढते व पुढच्या वर्षीचे कामही आपोआप ठरून जाते. अशा व्यवहारास रोजगाराची निवड म्हणणे धाडसाचे ठरेल.

दुष्काळाचा फटका एकदाच बसतो असेही नाही. आडसाली ऊस तयार होण्यास सोळा ते अठरा महिने लागतात. त्यामुळे एका वर्षीच्या अवर्षणाचा परिणाम पुढील हंगामात उमटतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला. राज्याचे साखर उत्पादन २०१८-१९ मधील सुमारे १०७ लाख टनांवरून २०१९-२० मध्ये सुमारे ६२ लाख टनांवर आले. ऊस कमी म्हणजे तोड कमी, आणि तोड कमी म्हणजे उचल फिटणे कठीण! गावाकडील कोरड आणि नदीकाठचा पूर या दोहोंचा भार अखेर एकाच कोयत्यावर पडतो.

उष्णता आणि श्रमशक्ती

हंगामाच्या उत्तरार्धात, मार्च-एप्रिलमध्ये, ऊस तोडणे व मोळ्या डोक्यावर वाहून वाहनात भरणे अत्यंत कष्टप्रद होते. मजुरी टनावर असल्याने विसावा घेणे म्हणजे उत्पन्न गमावणे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार उष्णतेमुळे भारतात १९९५ मध्ये ४.३ टक्के कामाचे तास वाया गेले. २०३० मध्ये हे प्रमाण ५.८ टक्के होईल असा अंदाज आहे. शेती व बांधकाम ही क्षेत्रे यात सर्वाधिक भरडली जातात.

शिक्षणावरील परिणाम

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. कुटुंब दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परतते. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. गुणाकार वर्गात शिकवला जात असताना मूल उसाच्या फडात असते. परतल्यावर त्याला भागाकार कळत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. मात्र सुटलेला अभ्यास त्यामुळे भरून निघत नाही.

यावर दोन प्रकारचे उपाय झाले. पहिला, कारखान्याच्या परिसरातील साखरशाळा. दुसरा, गावातच मुलांना ठेवणारी हंगामी वसतिगृहे. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरा उपाय अधिक योग्य, कारण त्यात शाळा, शिक्षक व अभ्यासक्रम बदलत नाही. मात्र वसतिगृह गाड्या गावाबाहेर पडण्यापूर्वी सुरू झाले तरच उपयोगी; एकदा मूल कोपीवर पोहोचले की त्याला परत आणणे अवघड असते.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. आई पहाटे फडात गेल्यावर तान्ह्या भावंडाला सांभाळणे व स्वयंपाक करणे ही कामे दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे येतात. वसतिगृहात जागा असूनही तिला सोबत नेले जाते ते याच कारणाने. म्हणून तिच्या शाळेचा प्रश्न गावातील वसतिगृहाइतकाच फडाजवळील पाळणाघराशी निगडित आहे.